चार स्क्रू मागणारं गिऱ्हाईक



आधी एक प्रसंग सांगतो. तुमच्याही काउंटरवर असं घडलं असेल. रब्बीचे दिवस, सकाळचे अकरा. पंपाचे सील, बेअरिंग, व्ही-बेल्ट घ्यायला आलेल्यांची दुकानात गर्दी. त्यात एक वयस्कर गृहस्थ आले आणि म्हणाले, "दोन एमएमचे चार स्क्रू द्या." मी म्हणालो, "काका, शंभरचं पाकीट आहे, सुटे देत नाही." ते म्हणाले, "चारच लागतात." मी म्हणालो, "मग परवडत नाही हो." ते काही न बोलता गेले.

त्या दिवशी मला वाटलं, बरोबर केलं. वेळ म्हणजे पैसा, हे मीच तर व्हिडिओत सांगत असतो.

दोन महिन्यांनी एका शेतकऱ्याचा पंपाचा शाफ्ट करून घ्यायला मी स्टेशनच्या बाजूला एका जुन्या लेथवर गेलो. बघतो तर तेच गृहस्थ. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. खरं नाव इथं लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. चाळीस वर्षं टर्नरचं काम. थ्रेशर, पंप, ट्रॅक्टरची पिन, जे येईल ते. माझा शाफ्ट चकमध्ये फिरत होता तेवढ्यात माझी नजर वरच्या फळीवर गेली. उलटा ठेवलेला प्लास्टिकचा डबा, आणि त्याच्या आत काहीतरी पिवळं चमकत होतं. मी डबा उचलला. खाली वाफेचं इंजिन! उभं सिलिंडर, पिस्टन रॉड, क्रँक, आणि बशीएवढं फ्लायव्हील. बोटानं फिरवलं तर पिस्टन अगदी मऊ वर-खाली होत होता. चार बाजूंनी झाकण बसवायची चार भोकं, आणि त्यांत स्क्रू नव्हते.

मी विचारलं, "आप्पा, नातवाचं खेळणं का?"

ते लेथवरून मान न वळवता म्हणाले, "भाऊ, हाई खेळणं नई शे. हाई इंजिन शे."

आजचा लेख त्या उत्तराबद्दल आहे. आणि मी नंतर त्या इंजिनाचं जे वाटोळं करायच्या बेतात होतो, त्याबद्दलही.

या छंदाला मॉडेल इंजिनिअरिंग म्हणतात. आपल्याकडे हा शब्द काढला की लोकांना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला थर्मोकोल आठवतो. हे प्रकरण वेगळं आहे. यात खऱ्या यंत्राची लहान प्रतिकृती करतात, ती धातूत करतात आणि ती चालली पाहिजे. इंग्लंडमध्ये १८९८ साली पर्सिव्हल मार्शल या माणसानं 'द मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक काढलं आणि त्याच वर्षी लंडनला या छंदवाल्यांची संस्थाही उभी राहिली. दिवसा नोकरी, रात्री घराच्या मागच्या खोलीत लेथ, असे हे लोक. पुढं त्यांची प्रदर्शनं भरायला लागली. प्रदर्शनात एका बाजूला मॉडेलं आणि दुसऱ्या बाजूला माल विकणाऱ्यांचे स्टॉल. त्या स्टॉलवर कास्टिंग, पितळी रॉड, बारीक टॅप-डाय आणि सुटे स्क्रू मिळतात. हो, सुटे.

आता कुणी म्हणेल, मोठं यंत्र करणाऱ्याला छोटं करणं काय अवघड? मलाही तसंच वाटायचं. आप्पांनी मला एक हिशेब समजावला. यंत्र दहापट लहान केलं की त्याचा पृष्ठभाग शंभरपट कमी होतो, पण आतलं आकारमान हजारपट कमी होतं. म्हणजे आत मावणाऱ्या वाफेच्या मानानं बाहेरून थंड होणारा पत्रा दहापट जास्त. वाफ आत शिरते न शिरते तोच तिचं पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आपटला की रॉड वाकतो. म्हणून छोटं इंजिन आधी सावकाश तापवायचं, खालचे कॉक उघडून पाणी काढून टाकायचं आणि मगच फिरवायचं. ड्रॉइंग लहान करता येतं, वाफ लहान करता येत नाही. ज्या माणसाला मी चार स्क्रू दिले नव्हते तो मला हे शिकवत होता.

तेव्हा आपल्या चॅनेलवर 'छंदातून कमाई' ही मालिका चालू होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती बघितली असेल. माझं म्हणणं साधं होतं, जे हाताला जमतं ते विका. आप्पांचं इंजिन बघून माझ्या डोक्यात लगेच आकडे फिरायला लागले. इंजिनिअरिंग कॉलेजं, आयटीआय, हौशी लोक. मी आप्पांच्या मागे लागलो. ते नको म्हणत होते. मी सोडलं नाही. शेवटी एका शिक्षणसंस्थेकडून तीन इंजिनांची तोंडी ऑर्डर आणली. तोंडी! मी स्वतः लोकांना सांगतो की ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कामाला हात लावू नका.

कॉस्टिंग मी ऑर्डर आणल्यावर केलं. तेही चुकलंच. आप्पांचं पहिलं इंजिन जवळपास १४० तासांचं होतं. लेथचा दर तासाला दीडशे धरला तरी मजुरी २१,०००. गनमेटल, पितळ, स्क्रू, पॅकिंग मिळून ३,०००. म्हणजे एक इंजिन २४,००० ला नुसतं घरात पडतं, नफा सोडाच. संस्थेच्या मनात होते पाच हजार. आप्पा म्हणाले, "तीन एकदम केली तर तास कमी होतील." त्यांनी तीन सिलिंडर टर्न केले, तीन फ्लायव्हील केली. मग संस्थेत माणूस बदलला आणि नवीन माणसानं ऑर्डर ओळखलीच नाही.

पैशाचं मी भरून दिलं. पण आप्पांनी फळीवरच्या पहिल्या इंजिनाला हात लावणं बंद केलं. डबा उलटा, तसाच. सात-आठ महिने. मी गेलो की पंपाबद्दल बोलायचे, मिरचीच्या भावाबद्दल बोलायचे, वरती बघायचे नाहीत. ज्या गोष्टीसाठी माणूस दिवसभराच्या कामानंतर तासभर थांबायचा, तिला मी त्याचंच रोजचं काम करून टाकलं होतं. आणि तेही बिनपैशाचं.

त्याच काळात त्यांच्या मोतीबिंदूचं निघालं. मुलगा सुरतेला असतो. तो म्हणायला लागला, लेथ काढून टाकू, भंगाराच्या भावात का होईना. मुलाचं चुकत नव्हतं. जागेचं भाडं चालू, काम कमी. पण मला आतून लागत होतं, कारण लेथ गेला की ते इंजिन कायमचं अर्धं राहणार होतं.

मग पुण्याची गोष्ट. एका ट्रेनिंगसाठी गेलो होतो, मुलगी बरोबर होती. कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. तुम्ही पुण्यात राहत असाल तर शाळेच्या सहलीत गेलाही असाल. भाऊ जोशी नावाच्या उद्योजकानं आयुष्यभराच्या छंदातून ते उभं केलं आणि १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी उघडलं. सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स या त्यांच्या व्यवसायाच्या जागेतच ते आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. छंद आणि धंदा एका छताखाली, पण दोघांचे हिशेब वेगळे. आत एक अख्खं छोटं शहर आहे. स्टेशन, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, ड्राईव्ह-इन थिएटर. जुनं वाफेचं इंजिन धावतं आणि जर्मनीची वेगवान गाडीही धावते. सगळं १:८७ या मापात. म्हणजे खरी ८७ मीटरची वस्तू तिथं एक मीटरची. मग दिवे मंद होतात, शहरात रात्र होते आणि खिडक्याखिडक्यांतून उजेड लागतो. माझी मुलगी तर ओरडलीच.

मी मात्र दुकानदाराच्या डोळ्यानं बघत होतो. इथं मॉडेल विकत नाहीत, मॉडेल दाखवतात. तिकीट काढून बघायचं. एकदा लागलेले हजारो तास रोज नव्या प्रेक्षकांत वाटले जातात. आणि निघताना बाहेर छंदाच्या वस्तूंचं छोटं दुकान. माझ्या कॉस्टिंगमधली चूक तिथं उभ्याउभ्या कळली. मी आप्पांचे तास विकायला निघालो होतो. या छंदात तयार वस्तू विकून तास वसूल होणं जवळपास अशक्य आहे.

घरी येऊन मी शोधायला लागलो की जगात या छंदावर पैसे नेमके कुणी कमावले. तीन गोष्टी सांगतो.

जर्मनीतली मेर्कलिन ही कंपनी १८५९ साली सुरू झाली. सुरुवातीला ती बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली टीनची भांडी करायची. बाहुलीच्या घरात दरवर्षी नवीन काहीतरी लागतं, हे त्यांना माहीत होतं. १८९१ च्या लाइपझिग जत्रेत त्यांनी तीच युक्ती रेल्वेला लावली. चावीची गाडी आणि वाढवता येणारे रूळ. या वर्षी गोल रूळ घ्या, पुढच्या वर्षी सांधा घ्या, त्याच्या पुढच्या वर्षी स्टेशन. गिऱ्हाईक एकदा आलं की वर्षानुवर्षं येतच राहतं. पण हेही लक्षात ठेवा की हीच कंपनी २००९ साली दिवाळखोरीत गेली आणि पुढं दुसऱ्यांच्या हातात गेली. नुसती युक्ती शंभर वर्षं पुरत नाही.

दुसरी गोष्ट इंग्लंडच्या स्टुअर्ट मॉडेल्सची. त्यांचं '१० व्ही' नावाचं उभं वाफेचं इंजिन या छंदात पिढ्यान् पिढ्या लोकांनी पहिलं मॉडेल म्हणून केलंय. पाऊण इंचाचा बोअर, पाऊण इंचाचा स्ट्रोक, तीन इंची फ्लायव्हील. आप्पांचं जवळपास त्याच बेताचं आहे. स्टुअर्टवाले एकच इंजिन तीन प्रकारे विकतात. नुसती कच्ची कास्टिंगं घ्या आणि सगळं मशीनिंग स्वतः करा. मशीनिंग केलेले भाग घ्या आणि घरी जोडा. किंवा तयार इंजिन घ्या. ज्याच्याकडे लेथ आहे त्याला काम करण्यातच मजा आहे, म्हणून त्याला कच्चा माल विकायचा. हे वाचलं तेव्हा मला माझा तो "सुटे देत नाही" आठवला.

तिसरी हॅम्बुर्गची. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन हे जुळे भाऊ डिस्कोथेक चालवायचे. झुरिचमधल्या एका मॉडेलच्या दुकानात एका भावाला कल्पना सुचली आणि २००१ साली त्यांनी मिनिआटूर वुंडरलँड उघडलं. आज तिथले रूळ १५ किलोमीटरहून जास्त आहेत, आणि तेही १:८७ मध्येच. कमाई तिकिटांची. भाऊ जोशींनी आपल्या कोथरूडला हेच त्याच्या तीन वर्षं आधी उघडलं होतं, हे मी आता प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतो.

आता कुणी लगेच विचारेल, मग बाहेरून माल आणून विकायचा का? जरा थांबा. कस्टमच्या वर्गवारीत छोटी मॉडेलं खेळण्यांच्याच ९५०३ या शीर्षकात येतात. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० साली २० वरून ६० टक्के झाली, २०२३ साली ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआयची खूण सक्तीची झाली. दर बदलत राहतात, म्हणून ऑर्डर देण्याआधी कस्टम एजंटकडून आजचा दर लेखी घ्या. मी न विचारता एक छोटं पार्सल मागवलं होतं. सोडवून आणेपर्यंत मालाच्या किमतीत जेवढी भर पडली तेवढ्यात दुकानाला नवीन काउंटर झाला असता. पण पितळी रॉड, स्क्रू, टॅप, बेअरिंग ही खेळणी नाहीत, आणि हे सगळं आपल्याकडं मिळतं. छंदवाल्याचा निम्मा माल त्यातच येतो.

कुठं मिळतं ते सांगतो. पितळ, तांबं, गनमेटलसाठी मुंबईची गुलालवाडी. हत्यारं, टॅप-डाय, बेअरिंग यांसाठी नागदेवी. इलेक्ट्रॉनिक्सला लॅमिंग्टन रोड, पुण्यात असाल तर तपकीर गल्ली. पुण्याच्या जुन्या बाजारात नशीब असेल तर चांगला जुना मायक्रोमीटर हाती लागतो. फक्त शून्यावर मिळतो का ते तिथंच तपासा. कास्टिंगसाठी कोल्हापूरच्या फाउंड्र्या, पण एक-दोन नगांसाठी कुणी साचा लावत नाही, म्हणून चार-पाच छंदवाल्यांनी मिळून पॅटर्न करावा. आणि खरं सांगू का, भंगार. बंद पडलेल्या प्रिंटरमधून जे सरळ, पॉलिश शाफ्ट निघतात तसे नवीन घ्यायला गेलं की किंमत ऐकून माणूस परत येतो.

रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. १:८७ च्या मॉडेलचे तयार रूळ १६.५ मिमी रुंदीचे मिळतात, कारण ते युरोपच्या मापावरून आलेत. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिमी. ८७ नं भागा, १९.२६ येतात. म्हणजे आपली डोंडाईच्यावरून जाणारी सुरत-भुसावळ लाईन त्या रुळांवर कधीच तंतोतंत बसत नाही, गाडी रुंद आणि रूळ अरुंद दिसतात. पण आपल्याच खानदेशातली पाचोरा-जामनेर घ्या. नॅरोगेज, ७६२ मिमी. भागिले ८७ म्हणजे ८.७६. आणि बाजारात ९ मिमीचे रूळ तयार मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक, डोळ्याला कळतही नाही. ती गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि नॅरोगेजवर पुन्हा धावली नाही. लाईन आता रुंद होतेय. ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केलाय असे लोक अजून आहेत, त्यांच्या मोबाईलमध्ये फोटो आहेत, डब्यांची मापं आठवणारे रेल्वेवाले पाचोऱ्याला भेटतील. पाचोरा-जामनेरचं चालतं मॉडेल करायचं असेल तर ते करायचे दिवस हेच आहेत. जळगाव-धुळ्यातल्या कुणी मनावर घेतलं तर मला नक्की कळवा, रूळ मिळवून द्यायचं माझ्याकडं लागलं.

आता दुकानात मी काय केलं ते. काउंटरखाली एक बत्तीस खणांचा प्लास्टिकचा कप्पा ठेवला. दीड, दोन, अडीच, तीन मिलिमीटरचे स्क्रू आणि नट, बारीक टॅप, तीन ते दहा मिमीचे पितळी रॉड फुटाच्या तुकड्यांत, छोटी बेअरिंगं. सगळं सुटं. शंभरच्या पाकिटात स्क्रू ऐंशी पैशाला पडतो, मी तीन रुपयांना देतो. गिऱ्हाईक कुरकुरत नाही, कारण त्याला ९६ स्क्रू घरी न्यावे लागत नाहीत. पहिल्या वर्षी एकूण ११,००० गुंतले आणि १९,००० ची विक्री झाली, त्यातही काही खण अजून भरलेले आहेत. पंपाच्या सीझनपुढं हे काहीच नाही आणि मी तुम्हाला उगाच फुगवून सांगणार नाही. पण त्या कप्प्यासाठी शहाद्याहून एक घड्याळवाले येतात, ड्रोन करणारी कॉलेजची तीन पोरं येतात, शिलाई मशीन दुरुस्त करणारे येतात. आणि येताना बेल्टही नेतात.

कप्पा भरल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. दोन एमएमचे चार स्क्रू कागदात बांधले आणि आप्पांकडे गेलो. पैसे घ्या म्हणाले. बारा रुपये घेतले. न घेतले असते तर त्यांनी स्क्रू घेतले नसते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर दीड महिन्यानं एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, "पंक्चरवाल्याकडे ये." स्टेशन रोडच्या पंक्चरच्या दुकानात आप्पा स्टुलावर इंजिन ठेवून बसले होते. नवीन इंजिन पहिल्यांदा वाफेवर चालवत नाहीत, कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवतात. हवा थंड, काही बिघडलं तरी भाजत नाही. पंक्चरवाल्या पोरानं नळी लावली, व्हॉल्व्ह जरासा उघडला. काही नाही. आप्पांनी फ्लायव्हीलला बोट लावलं. एकदा अडखळलं, दोनदा अडखळलं आणि मग सुटलं. शिलाई मशीनसारखा आवाज. ट्रकला हवा भरायला आलेला ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागला. आप्पांचा मुलगा सुरतेहून आलेला होता. तो लेथचा व्यवहार पक्का करायलाच आला होता. त्यानं मोबाईल काढला, पण व्हिडिओ करायचं विसरून नुसता हातात धरून उभा राहिला.

लेथ विकायचं दिवाळीपर्यंत पुढं ढकललंय. दिवाळीनंतर काय, ते त्या घरातले ठरवतील. मी यावेळी सल्ला दिलेला नाही.

आप्पांचं आता बॉयलरचं चाललंय. तांब्याच्या पाइपचा, सिल्व्हर सोल्डरनं जोडलेला. तुमच्यापैकी कुणी करत असेल तर एक गोष्ट मात्र कडक सांगतो. बॉयलर तपासताना हवा भरून तपासू नका. पाण्यानं काठोकाठ भरा आणि हातपंपानं चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाब द्या. पाणी दाबलं जात नाही, म्हणून जोड फुटला तरी थेंब गळतो आणि दाब उतरतो. हवा दाबून बसलेली असते, ती फुटली तर बॉम्बच. आप्पांच्या पहिल्या टेस्टला खालच्या जोडातून पाणी आलं. त्यांनी मार्करनं तिथं गोल केला आणि म्हणाले, "सिल्व्हर सोल्डरनी काडी संपनी." बुधवारी माझी गाडी मुंबईला जातेय. यादीत सगळ्यात वर तीच लिहिलीये, दोन काड्या, सुट्या.